गोठ्याच्या मागच्या भिंतीविषयी

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

तू मोबाइलवर पाठवलेला नकाशा लहानीने मोठा करून दाखवला. गोठा पाडायचा नाही, राखायचा, हे ऐकून फार बरं वाटलं. तात्या असते तर गावभर सांगत फिरले असते. पण मागच्या दगडी भिंतीवर तू स्लॅब टाकून वर पाहुण्यांसाठी खोली काढतोयस. ते नको रे.

तू तेव्हा पोटात होतास. ३० सप्टेंबर १९९३, भूकंपाचा दिवस. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, त्यामुळे सगळे दमून झोपलेले. पहाटे चारला चार मिनिटं कमी होती. आपल्याकडची सगळी घरं माळवदाची, मातीच्या सपाट छपराची. चांगली रुंद भिंत, दगड नुसत्या चिखलात बसवलेले, आतला नि बाहेरचा थर बांधून ठेवणारा जोडदगड कुठेच नाही, आणि वर मातीचं ओझं. किल्लारी परिसरात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली ती या ओझ्याखाली. गोठ्याचीही मागची भिंत ढासळली, पण छप्पर लाकडी मेढींवर होतं आणि वर नुसते पत्रे, म्हणून ते राहिलं. पुढे सिमेंट मिळेना, म्हणून तात्यांनी तीच भिंत त्याच दगडांनी, त्याच चिखलात पुन्हा उभी केली. तू स्लॅब टाकणार तो तिच्यावर.

भूकंपानंतरच्या पावसात अर्धी आळी आपल्या गोठ्यात होती. दावणीच्या अलीकडे माणसं, पलीकडे बैल. तलाठी पंचनाम्याला बसला तोही कडब्याच्या पेंढ्यांवर. आजी ज्यांना ओसरी चढू देत नसे त्यांच्या चुलीवरचा चहा ती तिथे पीत होती, मी डोळ्यांनी पाहिलंय. बाहत्तरच्या दुष्काळात सासऱ्यांनी त्याच गोठ्यातला कडबा वाटला होता, म्हणून लोक आपसूक तिकडे आले, असं अक्का म्हणायची. नंतर नव्या गावात जमिनीच्या हिशेबाने २५०, ४५० नि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली, नि वर्षभरात ज्याचं त्याचं पाणी पुन्हा वेगळं झालं. हेही पाहुण्यांना सांगशील ना? का नुसतं सगळे एकोप्याने राहिले असं सांगशील?

भूकंपानंतर गवंड्यांना शिकवायला माणसं आली होती, मी पाणी द्यायला जायची नि ऐकत बसायची. भिंत उतरव, जोडदगड घालून पुन्हा बांध, दाराच्या वरच्या पातळीला चारी बाजूंनी काँक्रीटचा सलग पट्टा फिरव. स्लॅब हवाच असेल तर त्याला स्वतःचे कॉलम, स्वतःचा पाया. वरचा मजला कशाला पण? पत्र्याखाली माणूस झोपत नाही का?

सातवी शिकलेली मी, तुला नकाशे शिकवते आहे. राग मानू नकोस. तू हे मनावर घेतलंस याचं मला किती कौतुक आहे ते नीट लिहिता येत नाही. थोरल्याने तर केव्हाच विकून टाकला असता.

गवंडी ठरवलास का? मी येईपर्यंत त्याला भिंतीला हात लावू देऊ नकोस. आगाऊ पैसे दिले असशील नि ते बुडाले तर बुडू देत, सोयाबीनच्या पैशातून मी देते.

तुझी,
आई