अंगणवाडीच्या टिनाला पांढरा रंग थंडीतच द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याबद्दलचं पत्र डिसेंबरात कशाला, असं आपल्याला वाटेल. पण ग्रामपंचायतींचे पुढच्या वर्षाचे विकास आराखडे याच दिवसांत ग्रामसभेपुढे येतात. अंगणवाडीच्या छपराचं काम त्यात आत्ता बसलं नाही, तर एप्रिलात नुसती हळहळ उरते. म्हणून आजच लिहीत आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यात २७ वर्षं अंगणवाडी सेविका होते. शेवटची अकरा वर्षं आमचं केंद्र टिनाच्या खोलीत भरायचं. त्याआधी खोलीवर कवेलू (मातीची कौलं) होते. माकडांनी ते फोडले, ते फेरून पुन्हा बसवायला माणूस मिळेना, म्हणून टिन टाकलं. पावसाची गळती थांबली, पण उन्हाळ्यात खोलीची भट्टी झाली.

उन्हाळ्यात शाळांना सुट्टी लागते. अंगणवाडीतली तीन ते सहा वर्षांची मुलं मात्र येतच राहतात, कारण तिथे त्यांना ताजं खायला मिळतं आणि आई पहाटेच मोहफुलं वेचायला, नाहीतर तेंदूपत्त्याला गेलेली असते. वेळ सकाळची करतात, हे खरं. पण टिनाला नऊ वाजताच चटका बसू लागतो. दहाच्या सुमारास वरून टक्, टक् असा आवाज यायचा. तापलेलं टिन फुगतं आणि खिळ्यापाशी ओढलं जातं, त्याचा तो आवाज. तो सुरू झाला की मुलं एकेक करून सतरंजी सोडायची आणि भिंतीकडेच्या उघड्या फरशीवर गाल टेकून पालथी पडायची. गाण्याला कोणी उठत नसे. खिचडी ताटात तशीच राहायची, माठ मात्र दोनदा भरावा लागायचा. आणि मे महिन्यात वजन घेताना कितीतरी मुलांचा काटा एप्रिलच्याच आकड्यावर थांबलेला दिसायचा. ज्या लेकराच्या शंभर-शंभर ग्रॅमसाठी आम्ही वर्षभर झटलो, त्याचं खाणं त्या छपरानं तोडलेलं असायचं. हे मला आजही सलतं.

लहान मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाची कातडी जास्त, त्यामुळे बाहेरची ऊब त्याला पटकन लागते; घाम कमी येतो; आणि तहान लागली तरी तीन वर्षांचं पोर ती नेमकी सांगत नाही, नुसतं किरकिर करतं. आपल्या दैनिकात पहिल्या पानावर ४५-४६ अंशांचा आकडा येतो, तो हवामान खात्याने सावलीत, हवा खेळती असलेल्या पेटीत मोजलेला असतो. टिन स्वतः भर उन्हात ६० अंशांच्याही वर जातं आणि त्याची धग मुलांच्या डोक्यावर सरळ उतरते.

टिन चकचकीत असतं, मग ते ऊन परत फेकत नाही का, असं मला पुष्कळांनी विचारलं. नवं टिन ऊन थोडंफार परतवतं, पण जी उष्णता शोषून घेतं ती सहज बाहेर सोडत नाही, धरून ठेवतं. शिवाय दोन पावसाळ्यांत ते काळवंडतं, गंजतं, मग परतवणंही जातं. चांगला पांढरा परावर्तक रंग दोन्ही कामं करतो: बहुतेक ऊन वरच्या वर परत पाठवतो आणि उरलेली उष्णताही लवकर आकाशाकडे सोडतो. अशा छपराखालची खोली साधारण २ ते ५ अंशांनी कमी तापते, असं ठिकठिकाणच्या मोजण्यांत दिसलं आहे. याला वीज लागत नाही. भारनियमनात आमचा कूलर नुसता उभा असायचा.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी गावातल्या बचत गटाच्या बायांनी आणि दोन पेंटर पोरांनी मिळून आमचं टिन रंगवलं. फेब्रुवारीत. आधी तारेच्या ब्रशने गंज काढला, भोकं बुजवली, रेड ऑक्साइडचा एक हात दिला आणि वर परावर्तक रंगाचे दोन हात. एका चांगल्या कूलरच्या पैशात काम झालं. खोली काही गार झाली नाही, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, आमच्याकडे गार काहीच नसतं. पण आधी अकरा वाजता टेबलावर चढून टिनाला खालून हात लावला की तो झटकन मागे घ्यावा लागायचा. त्या वर्षी मी पंजा टेकवून ठेवू शकले. मुलं सतरंजीवर बसून राहिली. तेवढ्यानेच मला रडू आलं होतं.

फेब्रुवारीचं महत्त्व त्या पेंटर पोरांनीच सांगितलं. तापलेल्या टिनावर रंग पसरायच्या आत वाळतो, मग त्याला फोड येतात आणि पोपडे निघतात. एप्रिलात तर त्या टिनावर माणूस टिकतच नाही. आणि आपल्याकडे उष्माघाताच्या बैठका नेमक्या एप्रिलात सुरू होतात!

स्लॅब असेल तर कळीचा चुना भिजवून, गाळून, थोडं फेविकॉल घालून दिला तरी चालतं. तो पावसात धुपतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. टिनाला मात्र चुना नको, तो धरत नाही आणि जस्ताचा मुलामा खातो. सिमेंटच्या पत्र्यांबाबत कळकळीची विनंती: त्यावर उभं राहू नका, ते मोडतात, आणि ते कोरडे घासू नका, कारण जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याचे तंतू फुफ्फुसात जातात. रंगावर धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, म्हणून होळीच्या आधी एकदा छप्पर धुवायला हवं. खिडक्या समोरासमोर उघड्या हव्यात, हे तर आलंच.

यात नवं असं काही नाही. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यात तेराशेहून अधिक जादा मृत्यू पाहिले, २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करायला घेतली. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांचं धोरणच आणलं आणि सरकारी इमारतींना ते बंधनकारक केलं. नदीपलीकडे जे होतं ते अलीकडे का होऊ नये?

ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्चावा लागतो. तो दरवर्षी कशावर जातो, हे प्रत्येक ग्रामसभेत बायांनी विचारावं. शहरांत अंगणवाड्या भाड्याच्या खोल्यांत भरतात. तिथे भाडेकरारातच छपराची अट घाला, म्हणजे घरमालक आणि कार्यालय एकमेकांकडे बोट दाखवणार नाहीत. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पन्नास वर्षांत आहार, वजन, लसीकरण, सगळ्याची नोंद ठेवायला आम्ही शिकलो. छपराचीही एक ओळ त्या नोंदींत असू द्या: कशाचं आहे, शेवटचं कधी रंगवलं.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी येत्या ग्रामसभेला सेविकेला बोलवावं आणि छपराचं माप विचारावं. तिला ते माहीत असतं. आमची खोली १८ फूट बाय १२ फूट होती, आठ फुटी चौदा टिनपत्रे.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
जि. चंद्रपूर