आरव म्हणजे ‘शांत’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या नव्या नावांचा तक्ता आला आहे. त्यात ‘आरव’ या नावासमोर ‘शांत’ असा अर्थ छापला आहे. तो चुकीचा आहे. त्या एका शब्दासाठी हे पत्र लिहीत आहे.

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ माझे भांड्यांचे दुकान आहे. बारशाला द्यायच्या वाट्या, पेले, चांदीचे चमचे यांवर नावे घालण्याचे काम मी चाळीस वर्षे करतो आहे. आधी छिन्नी-हातोडीने ठिपके पाडायचो, आता मशीन आहे. नाव घालण्याआधी गिऱ्हाइकाकडून ते वहीत त्याच्याच अक्षरात लिहून घेतो, म्हणजे मागाहून वाद नको. जुन्या वह्या माळ्यावर जपून ठेवल्या आहेत. सुरुवातीच्या वह्यांत सचिन, संदीप, योगेश, मंदार. मग ओंकार, वेदांत, अथर्व. आरव कुठेच नाही. अक्षय कुमारने २००२ मध्ये आपल्या मुलाचे हे नाव ठेवले, आणि माझ्या वहीत ते उमटायला लागले ते त्यानंतरच. आता एका आठवड्यात तीन आरव आले तरी दुकानात कुणाला नवल वाटत नाही.

नाव आवडण्यासारखे आहेच. तीन अक्षरे, जोडाक्षर नाही, रफार नाही. आजीला हाक मारता येते, शेजारच्या गुजराती काकूंनाही येते. इंग्रजीत दोन ‘ए’ घातले की शाळेच्या हजेरीत मुलगा वरच्या नंबरात. लहानशा वाटीच्या काठावर तर हे नाव फार सुबक बसते. फक्त एक सांभाळावे लागते. ‘र’ आणि ‘व’ जवळ आले की त्यांचा ‘ख’ होतो आणि आरवचा ‘आख’ वाचला जातो. ‘ख’मधल्या ‘र’चे शेपूट ‘व’च्या पोटाला जोडायची पद्धत हा घोळ टाळण्यासाठीच पडली. म्हणून मी ‘र’ काढून झाला की सुई उचलतो, तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडतो आणि मगच ‘व’ला हात घालतो.

गेल्या वर्षी माझ्याच घरी आरव आला. बारशाला सूनबाईंनी पाळण्याच्या मागे फलक लावला होता : ‘आरव – शांत, स्थिर’. आत्याने कानात कुर्रर्र करून नाव सांगितले, बायकांनी ते मोठ्याने म्हटले, आणि माझी आई कोपऱ्यातून म्हणाली, “आरव? म्हंजे कोंबडा आरवतो तो?” आलेली मंडळी हसली. सूनबाईंचा चेहरा उतरला. मी सगळ्यांसमोर आईला म्हणालो, “तुला काही कळत नाही, गप्प बस.” आई मुरबाडकडची, शाळेत चौथीपर्यंत गेलेली. ती गप्प बसली, जेवणाच्या पानावरही काही बोलली नाही.

मला त्या रात्री झोप लागली नाही. चार दिवसांनी दुपारी दुकान मुलावर सोपवून मी आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलो. १८९३ सालची ही संस्था, पण इतकी वर्षे याच शहरात राहून मी तिथे कोश बघायला कधी गेलो नव्हतो. तिथल्या एका गृहस्थांनी अमरकोश काढून दिला आणि पान उघडून बोट ठेवले. आवाजाला संस्कृतात कोणकोणते शब्द आहेत, ते त्या श्लोकांत ओळीने दिले आहेत : निनाद, ध्वनी, रव, स्वन, नाद, आणि पुढे ‘आरवारावसंरावविरावाः’. म्हणजे आरव, आराव, संराव, विराव. चारही आवाजच. लगेच पुढे ‘मर्मर’ येतो, म्हणजे वस्त्रांची आणि पानांची सळसळ. शांततेचा तिथे मागमूस नाही.

शांत हवा असेल तर ‘नीरव’ आहे. ज्यात रव नाही तो नीरव. ऱ्हस्व ‘अ’ने सुरू होणारा ‘अरव’ही चालेल, त्याचा अर्थ आवाज नसलेला. कुणीतरी हा ‘अ’ आणि आपला ‘आ’ एकच धरला असावा, असे मला वाटते. एका कान्याचा फरक. मी कोरताना काना विसरलो तर गिऱ्हाईक वाटी परत करते, आणि तक्त्यातून हा अर्थ बिनदिक्कत घरोघर जातो.

आईचेच बरोबर होते. ‘आरवणे’ हे आपल्या रोजच्या बोलण्यातले क्रियापद त्याच घरातले आहे. तिच्या माहेरी पहाटे कोंबडा आरवला की बायका जात्यावर बसत. दिवसाची पहिली हाक ती. मी घरी येऊन आईची माफी मागितली, आणि सूनबाईंनाही ते पान झेरॉक्स करून दाखवले. त्यांनी फलक उतरवला नाही, फक्त ‘शांत, स्थिर’वर कागद चिकटवून ‘साद’ लिहिले. ते मला फार आवडले.

नावे शोधणारे आईबाप घाईत असतात. जन्माची नोंद नावाशिवायही होते, नाव वर्षभरात शुल्काशिवाय घालता येते आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून, हे पुष्कळांना माहीत नसते. मग तुमच्या तक्त्यावर बोट ठेवून नाव ठरते. म्हणून हा तक्ता छापणाऱ्यांवर जबाबदारी मोठी आहे. कोश उघडायला पाच मिनिटे पुरतात.

पुढच्या अंकात ‘आरव’समोरचा ‘शांत’ खोडून ‘ध्वनी, साद’ असे छापावे, ही विनंती. आईने मला सांगून ठेवले आहे की ते पान आले की आधी तिला वाचून दाखवायचे.

आपला नियमित वाचक,
भांड्यांवर नावे घालणारा,
जांभळी नाका, ठाणे (पश्चिम)