मंडळाचा हॉल दुपारी रिकामाच असतो ना?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की आपल्या इंदूरच्या मराठी मंडळांच्या मीटिंगा सुरू होतात, सुगम संगीत कुणाचं ठेवायचं, पाककला स्पर्धा कधी, नाटक पुण्याहून आणायचं का वगैरे. ते सगळं हवंच, माझी त्यात फक्त एक मागणी आहे, आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या घरच्यांच्या सपोर्ट ग्रुपला दुपारी हॉल द्या. मी ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून द्यायची थेरपी, शिकते (फिजिओथेरपी नव्हे, दर लग्नात हे सांगावं लागतं) आणि सध्या आम्हाला ग्रुप कसे चालतात ते शिकवतायत.

एक असतो थेरपी ग्रुप, तो थेरपिस्ट चालवतो, माणसं मोजकी आणि निवडून घेतलेली, कुणाचं काय सुधारायचंय ते आधीच लिहिलेलं. पोस्टिंगला बघितलं, टेबलाभोवती पेशंट कागदी पिशव्या करतायत आणि मॅडमनी फेविकॉलची बाटली मुद्दाम एकच ठेवलेली. पॅरालिसिसनंतर एक काका घरीसुद्धा कुणाशी धड बोलत नव्हते म्हणे, पिशवीची कड उघडी पडायला लागली तसे शेजारच्या बाईंना म्हणाले, "ताई, ती बाटली इकडे द्या की." झालं, त्या दिवसाचं काम तेवढंच होतं! पिशवी वाकडी झाली ती झाली.

दुसरा सपोर्ट ग्रुप, त्यात एकाच दुखण्यातली माणसं किंवा त्यांच्या घरचे असतात आणि तेच तो चालवतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हे दारू सोडणाऱ्यांचं मंडळ १९३५ मध्ये अमेरिकेत दोन व्यसनी माणसांनीच सुरू केलं, त्यातला एक स्वतः डॉक्टर होता. त्याच्याही आधी, १९०५ मध्ये, बोस्टनच्या डॉ. जोसेफ प्रॅटनी टीबीच्या गरीब पेशंटांना दर आठवड्याला एकत्र बसवायला सुरुवात केली, तो ग्रुप डॉक्टरांचाच, मुळात सूचना सगळ्यांना एकदम देता याव्यात म्हणून, पण एकमेकांना बघूनच लोकांना धीर यायला लागला.

आता आपल्याकडचं बघा. सुदामा नगर म्हणा, लोकमान्य नगर म्हणा, मुलं पुण्या-बंगलोरला आणि घरात दोघंच, त्यात एकाला डिमेन्शिया. मग जी काकू रात्र-रात्र जागते तिने कुणाशी बोलायचं? लोक म्हणतात भजनी मंडळ आहे की. आहे, पण तिथे तोंड उघडलं की चार जणी काढे सांगतात आणि पाचवी म्हणते नामस्मरण वाढवा. सपोर्ट ग्रुपमध्ये न विचारता सल्ला द्यायचा नाही आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. दुसरं आपल्याला जड जाणार, इथे राजवाड्यावर शिंकलं तर अन्नपूर्णेला सर्दीची चौकशी होते!

सुरुवातीला बसवून द्यायला कुणी सोशल वर्कर किंवा सायकॉलॉजिस्ट पाहिजेच, आणि कुणी जिवाचं बरं-वाईट करायची भाषा केली तर ते ग्रुपवर सोडायचं नाही, डॉक्टर गाठायचा, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास फुकट आहे.

एका मंडळाला हॉल विचारला तर त्यांनी लग्नाचं भाडं सांगितलं. अहो, आम्हाला माइक नको, स्टेज नको, गोल मांडलेल्या दहा-बारा खुर्च्या आणि आठवड्यातून एक दुपार, चार ते पाच. चहा आम्ही घरून आणू. जे मंडळ हो म्हणेल त्याचं नाव तुमच्या पेपरात छापा, म्हणजे बाकीचे पण विचार करतील.

आपली,
ऑक्युपेशनल थेरपीची एक विद्यार्थिनी, इंदूर