फाशीची तारीख आणि दोन घरं

संपादक महोदय,
पुण्याची बीपीओ (दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणारी कंपनी) केस आठवत असेल, २००७ साली नाईट शिफ्टला निघालेल्या मुलीवर कंपनीच्या कॅबच्या ड्रायव्हरनेच मित्राला सोबत घेऊन अत्याचार केला आणि तिला मारून टाकलं. २०१५ ला सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली, २०१७ ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, मग फाईल पडून राहिली आणि २०१९ ला हायकोर्टाने या उशिरामुळेच फाशी रद्द करून ३५ वर्षं कैद दिली, ती २०२४ ला कायम झाली. म्हणजे मुलीच्या घरच्यांनी १७ वर्षं दर निकालाला तेच पुन्हा भोगायचं, आणि आरोपींच्या घरच्यांनी (त्यांचा काय गुन्हा?) फाशीची तारीख उरावर घेऊन जगायचं. सरकारने दोन्हीकडे समुपदेशक द्यावा, आणि निकाल टीव्हीवर यायच्या आधी घरी कळवावा.
– एक वाचक, पुणे