कायद्याची सुरुवात सरकारी खात्यापासून व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्णद्वेष रोखण्यासाठी सरकारे काय करतात, ही चर्चा बहुधा कायद्यांच्या यादीपाशी येऊन थांबते. कायदा कधी झाला, शिक्षा काय, आयोग नेमला की नाही, एवढे पाहून आपण सरकारला प्रमाणपत्र देऊन मोकळे होतो. ब्रिटनचा गेल्या साठ वर्षांचा अनुभव पाहता, हा कायदा खुद्द सरकारी खात्यांना लागू होतो का, हे आधी विचारले पाहिजे असे मला वाटते.

ब्रिस्टल शहरातील बस कंपनी १९६३ पर्यंत कृष्णवर्णीय आणि आशियाई माणसांना चालक-वाहक म्हणून घेत नव्हती. ही कंपनी राष्ट्रीयीकृत होती, आणि तिचे हे धोरण तेव्हा पूर्णपणे कायदेशीर होते. लोकांनी काही महिने बसवर बहिष्कार टाकला, तेव्हा कुठे कंपनी नमली आणि रघबीर सिंग हे पहिले बिगरगोरे वाहक म्हणून रुजू झाले. दोन वर्षांनी, १९६५ साली, वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा आला. त्याने उपाहारगृहे, चित्रपटगृहे, सार्वजनिक वाहतूक अशा ठिकाणच्या भेदभावाला मनाई केली; नोकरी आणि घर मात्र वगळले. ज्या अन्यायावरून ब्रिस्टल पेटले, तोच नेमका कायद्याच्या बाहेर राहिला. काळ्या प्रवाशाला बसमध्ये घेणे बंधनकारक, त्याच बसवर त्याला नोकरी देणे मात्र मालकाच्या मर्जीवर, असा तो अजब न्याय होता. ही उणीव १९६८ मध्ये भरून निघाली आणि १९७६ च्या कायद्याने अप्रत्यक्ष भेदभावही, म्हणजे सर्वांना सारखे दिसणारे पण एखाद्या वंशाच्या लोकांना जाचक ठरणारे नियमही, कक्षेत आणले, तरी अटक किंवा झडतीसारखे पोलिसांचे अधिकार त्याच्या आवाक्यात पुरते आले नाहीत.

त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, हे एप्रिल १९९३ मध्ये दिसले. लंडनच्या एल्टम भागात बसची वाट पाहणाऱ्या १८ वर्षांच्या स्टीफन लॉरेन्सचा गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने खून केला. संशयितांची नावे पोलिसांकडे लगोलग पोहोचली होती, तरी पहिली अटक व्हायला दोन आठवडे लागले. ज्या मित्राने हल्ला डोळ्यांनी पाहिला, त्याला पोलिसांनी पीडित म्हणून वागवलेही नाही. निवृत्त न्यायमूर्ती मॅकफर्सन यांनी १९९९ च्या अहवालात लंडन पोलिसांमधील वर्णद्वेष ‘संस्थात्मक’ असल्याचे नोंदवले. एखाद-दुसरा शिपाई वाईट निघाला, ही नेहमीची पळवाट त्यांनी बंद केली, हे या अहवालाचे मोठेपण. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन पोलीस त्याच्या कक्षेत आले आणि भेदभाव दूर करण्याची जबाबदारी सार्वजनिक संस्थांवर टाकली गेली. खुनाबद्दल दोघांना शिक्षा व्हायला मात्र २०१२ उजाडले.

एवढे होऊनही गृहखाते सुधारले, असे म्हणायची सोय नाही. १९७३ पूर्वी कॅरिबियन बेटांसारख्या राष्ट्रकुलातील प्रदेशांतून कायदेशीरपणे आलेल्या, ब्रिटनमध्येच नोकऱ्या करून म्हाताऱ्या झालेल्या माणसांकडे या खात्याने वास्तव्याचे पुरावे मागितले. त्यांतील अनेकांच्या आगमनाच्या नोंदी ज्या पत्रिकांवर होत्या, त्या २०१० मध्ये खात्यानेच नष्ट केल्या होत्या. कोणाची नोकरी गेली, कोणाचे औषधोपचार अडले, काहींना तर देशाबाहेर धाडले गेले. हे ‘विंडरश’ प्रकरण (कॅरिबियन स्थलांतरितांना ब्रिटनमध्ये आणणाऱ्या एका जहाजावरून पडलेले नाव) २०१८ मध्ये उघडकीस आले आणि समानता व मानवी हक्क आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये, समानतेबाबतचे कायदेशीर कर्तव्य गृहखात्याने पाळले नाही, असा निष्कर्ष काढला. कर्तव्य कागदावर होते, ते वेळीच पाळायला लावणारी यंत्रणा नव्हती. कायद्याची भाषाही तशी मवाळच: भेदभाव दूर करण्याच्या गरजेचा खात्याने ‘यथोचित विचार’ करावा, एवढीच तिची अपेक्षा आहे. विचार केल्याचा कागद फाइलला लावणे कोणत्याही खात्याला अवघड नसते.

भरपाईची योजना २०१९ मध्ये सुरू झाली, पण अर्ज तपासण्याचे काम त्याच गृहखात्याकडे राहिले. ज्यांनी अन्याय केला, त्यांच्याच टेबलावर तक्रारदाराने पुन्हा पुरावे घेऊन उभे राहायचे! ही योजना स्वतंत्र संस्थेकडे सोपवावी, अशी शिफारस तिथल्या संसदेच्या गृहविषयक समितीने २०२१ मध्ये केली होती. वर्णद्वेषाविरुद्ध कायदा करणाऱ्या कोणत्याही सरकारने ही तरतूद पहिल्याच मसुद्यात करावी: तक्रार ज्या खात्याविरुद्ध असेल, त्याच्याकडे ना चौकशी असावी, ना भरपाईचा निर्णय, आणि त्या खात्याकडची कागदपत्रे सादर करण्याचा भार तक्रारदारावर न टाकता खात्यावरच टाकावा.

आपला,
एक वाचक