ग्राफीनची घडी घालायची कशी, यावरही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या फक्त एका अणूइतक्या जाड थरावर, अर्धं पान आलं होतं, ते मी अकरावीच्या वर्गात वाचून दाखवलं, मुलांना आवडलंही, पण त्यात परत तेच होतं की पोलादापेक्षा कितीतरी पट मजबूत, केसापेक्षा कितीतरी पातळ, आणि २०१० चं नोबेल. वाचून झाल्यावर एका मुलीने विचारलं, मॅडम, एवढ्या पातळ कागदाची घडी घालायची म्हटली तर धरणार कशाने? मला हा प्रश्न फार आवडला, कारण सध्या खरं काम तिथेच चाललंय आणि त्याबद्दल मराठीत कुणी लिहित नाही.

२००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलॉव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा एक थर सोलला, जाडी ०.३४ नॅनोमीटर धरा. मोठे तुकडे हवे असतील तर तांब्याच्या पत्र्यावर साधारण १००० अंश सेल्सिअसला ग्राफीन वाढवतात, पण गार होताना तांबं आकसतं आणि ग्राफीन उलट किंचित पसरतं, त्यामुळे सुरकुत्या पडतात, मग तिथून उचलून दुसऱ्या पृष्ठभागावर ठेवताना आणखी पडतात. या सुरकुत्या कुठेही कशाही पडलेल्या, म्हणून त्यांना दोषच म्हणायचे. पण तीच घडी आपल्याला पाहिजे तिथे आणि पाहिजे त्या दिशेने पाडता आली तर?

इथे लेझर येतो. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांशाचा दहा लाखावा भाग, आणि फेम्टोसेकंद लेझरचा एक झोत समजा १०० फेम्टोसेकंदांचा असतो, तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त ३० मायक्रोमीटर जातो, केसाच्या जाडीहून कमी. उष्णतेला आजूबाजूला पसरायला वेळच मिळत नाही, म्हणून जिथे मारला तिथलंच उडतं, शेजारचं फारसं वितळत नाही, काठ स्वच्छ राहतो. अशा लेझरने खालच्या पृष्ठभागावर आधी बारीक खाचा कोरून ठेवायच्या आणि वर ग्राफीन पसरायचं, की ग्राफीनचा जास्तीचा भाग खाचेच्या रेघेने दुमडू शकतो. एकदा थरावर थर आला की व्हॅन डर वाल्स बलाने, म्हणजे अगदी जवळ आलेल्या अणूंमधल्या हलक्या ओढीने, चिकटून बसतो, वेगळा गोंद लागत नाही. म्हणजे त्या मुलीला उत्तर हे की धरायचंच नाही, खालची जमीन अशी तयार करायची की घडी तिथेच पडेल. कडक स्टार्चच्या साडीवर इस्त्रीची मोड बसली की पुढच्या वेळी आपोआप तिथेच घडी पडते ना, तसंच काहीसं!

आणि रेघेची दिशा एवढी महत्त्वाची का, ते मी वर्गात कागदावर दाखवलं, तुम्हीही करून बघा. ट्रेसिंग पेपरवर समांतर रेघा मारा आणि रेघांशी थोडा कोन करून घडी घाला. वरच्या-खालच्या रेघांमधला कोन बरोबर दुप्पट येतो. ग्राफीनमध्येही घडीची रेघ अणूंच्या ओळीशी जो कोन करेल त्याच्या दुप्पट कोनात दोन थर एकमेकांवर बसतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या गटाने दाखवलं की दोन थर एकमेकांपासून १.१ अंश फिरवले की निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंश सेल्सिअस) वर जेमतेम १.७ अंशावर ते अतिसंवाहक होतात, म्हणजे त्यांतून वीज विनाअडथळा वाहते. तो कोन घडीतून मिळवायचा तर रेघ ०.५५ अंशावर यायला हवी, आणि एवढी अचूक रेघ हाताने ओढता येणं शक्यच नाही, अणूंच्या ओळी कुठल्या दिशेला आहेत हेही आधी कळायला हवं.

घडीत थर कसे बसलेत हे तपासायला रामन वर्णपट घेतात, म्हणजे लेझर पाडून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किती बदलला ते मोजतात, १९२८ चा आपला रामन परिणाम तो हाच! २८ फेब्रुवारीला तुम्ही दरवर्षी रामन यांचा फोटो छापताच, तर यावेळी त्याच्याशेजारी हे सगळं आकृती काढून छापा ना. कुलाब्याला टीआयएफआर या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिजलद लेझरवर कित्येक वर्षं काम चालू आहे, आपल्या मुंबईतच, तिथल्या कुणाला विचारून लिहून घ्या, मराठीत लिहून घ्या. आकृती मोठी छापा म्हणजे वर्गात भिंतीवर लावता येईल, आणि ती घडीची रेघ ठळक दाखवा, कारण मुलं पहिला प्रश्न तिथूनच विचारतात.

आपली,
एक फिजिक्स शिक्षिका, मिरज