अक्का, आमचे रेशनकार्ड वाचून दाखविल्याबद्दल

निपाणी

आदरणीय अक्का,
सादर प्रणाम.

आभाराचे पत्र पाकिटात घालून हातात द्यायचे असते आणि तुम्हालाही तेच आवडले असते, हे मला ठाऊक आहे. तरीही मी ते उघडपणे लिहीत आहे, कारण आमच्या घरातले भांडण सबंध गल्लीने पंधरा दिवस ऐकले होते, पण ते थांबले कसे हे कुणाला कळले नाही. वैनीने माघार घेतली, अशी बोलवा मागाहून झाली. ती खोटी आहे, आणि ती खोडून काढायची तर तुमचे नाव न घेता का होईना, तुमच्याविषयी लिहिणे भागच आहे.

आमच्या घरात चार पिढ्यांच्या पाचजणी राहतात. सत्त्याऐंशी वर्षांची आज्जी, तिची सून म्हणजे माझी आई, आईची सून म्हणजे वैनी, वैनीची नऊ वर्षांची मुलगी आणि सासर सोडून माहेरी आलेली मी. भाऊ गोव्यात कामाला असतो, त्यामुळे पुरुषमाणूस घरात दिसते ते गणपतीला आणि दिवाळीला. आज्जीचे अवघे आयुष्य विड्या वळण्यात गेले. आई आणि वैनी आजही जेवणे उरकली की मांडीवर सूप घेऊन सोप्यात समोरासमोर बसतात. एका चुलीवर इतक्याजणी म्हटल्यावर कुरबूर असायचीच, पण ती दूध कुणामुळे उतू गेले किंवा दोरीवरचे कपडे पावसात कुणी विसरले, एवढ्यापुरती असे.

जुलै २०२३ मध्ये आमच्या कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे अर्ज सुरू झाले. कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यावर दरमहा २००० रुपये येणार आणि एका घरात ते एकीलाच मिळणार, हे कळताच इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीही तोंडाने न विचारलेला प्रश्न घरात आला, तो म्हणजे या घराची प्रमुख कोण. आईचे म्हणणे असे की, वडील गेल्यापासून रेशनच्या रांगेत तीच उभी राहिली आहे, तेव्हा प्रमुख तीच. वैनीचे म्हणणे असे की, सर्वांत जास्त विड्या तिच्या हातून होतात, मुलीच्या शिकवणीची फी मात्र तिला दर वेळी सासूकडे मागावी लागते. दोघींचेही खरे होते, आणि म्हणूनच भांडण मिटत नव्हते. एके संध्याकाळी वैनी म्हणाली की, मी वेगळे कार्डच काढून घेते. त्यावर मी, जिने खरे तर या प्रकरणात बोलायलाच नको होते, दारात उभी राहून म्हणाले, "वेगळी चूल मांडायची असेल तर तसं सरळ सांग, सरकारचं नाव कशाला पुढं करतेस?" हे वाक्य गल्लीने ऐकले. वैनी त्यानंतर तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचे काही चुकले असे मला आज वाटत नाही.

तुमच्याकडे आम्ही आलो ते कन्नडमध्ये अर्ज लिहून घेण्यापुरते. तुम्ही चिकोडीकडच्या, कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यामुळे बोळातले सगळे सरकारी कागद तुमच्याच दारी येतात. अर्जाला हात लावण्याआधी तुम्ही कार्ड मागितलेत, चष्मा पुसलात आणि तीन बायकांच्या देखत ते ओळीओळीने वाचायला घेतलेत. अक्षराखाली बोट ठेवून आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. पहिल्याच नावावर तुमचे बोट थांबले. "नोडी, इथं यजमानीण म्हणून तुमच्या आज्जी आहेत की."

आम्ही तिघी एकमेकींकडे पाहत राहिलो. जे कार्ड आई इतकी वर्षे पिशवीत घालून रेशनच्या दुकानात नेत होती आणि जे वैनीला स्वतःच्या नावावर करून घ्यायचे होते, ते आमच्यापैकी एकीनेही कधी वाचलेले नव्हते, कारण आम्ही सगळ्या मराठी शाळेत शिकलो आणि कन्नड बोलण्यापुरतेच येते. (घरात ते वाचू शकणारी एकच व्यक्ती होती. माझ्या भाचीला शाळेत कन्नड विषय आहे. तिला विचारावे, असे कुणालाही सुचले नाही.) २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरातील सर्वांत थोरली प्रौढ स्त्रीच कार्डावर कुटुंबप्रमुख असते, हे तुम्ही तेव्हाच सांगितलेत. आई पहिल्यांदा हसली, मग वैनी. आज्जी घरी भिंतीला टेकून बसली होती, तिला जाऊन सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मग मला आधी का न्हाई इचारलं?"

इथे काम संपले असते तर हे पत्र अर्ध्यावरच थांबले असते. आज्जीच्या आधारकार्डावर नावापुढे 'बाई' आणि रेशनकार्डावर 'व्वा', बँकेतले खाते आधारशी जोडलेले नाही, आणि सर्वांत मोठी अडचण तिच्या बोटांची. जन्मभर पाने वळून आणि सुताने बांधून बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या आहेत. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा लागे. केंद्रातला मुलगा वैतागून उद्या या म्हणाला, तेव्हा तुम्ही त्याला न रागावता कन्नडमध्ये विचारलेत की, दहा बोटांपैकी कोणतेही चालते ना? मग ओल्या फडक्याने तिचे एकेक बोट पुसून, कोरडे करून, तुम्ही स्वतः हलकेच दाबून धरू लागलात. उजव्या हाताची पाचही बोटे गेली. डावा अंगठा गेला, तर्जनी गेली. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला हिरवा दिवा लागला. ते बोट आज्जी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

नावाच्या दुरुस्तीसाठी आणि बँकेसाठी तुम्ही आणखी तीन खेपा घातल्यात. रिक्षाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ही माझी तक्रार समजा. पण त्याहून मोठे ऋण मला दुसऱ्याच गोष्टीचे वाटते. इतक्या वेळा आमच्या घरी येऊनही सासूने कसे वागावे, सुनेने कसे वागावे आणि नणंदेने कुठे गप्प बसावे, यावर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. तेवढे ऐकवणारे गल्लीत पुष्कळ होते.

पैसे आज्जीच्या खात्यावर येतात, कधी वेळेवर, कधी दोन हप्ते एकदम. त्यातली शिकवणीची फी आज्जी स्वतः वैनीच्या हातात देते, उरलेले डब्यात ठेवते आणि डब्याचा हिशेब कुणाला सांगत नाही. पुढे २०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण आली, तेव्हा कागलची मावशी तिथले १५०० रुपये मोठ्या कौतुकाने सांगू लागली, तिथे वयाची अट २१ ते ६५ अशी असल्याचे ऐकून आज्जीने "मग त्ये काय कामाचं?" असे म्हणून तो विषयच मिटवला. आई आणि वैनी यांच्यात सगळे गोड झाले आहे, असे मात्र मी लिहिणार नाही. आज्जीनंतर कार्डावर कुणाचे नाव येईल, हे आता दोघींनाही ठाऊक आहे, आणि तो विषय घरात कुणीही काढत नाही.

वैनीने तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे. मागचा डबा तुम्ही साखर भरून परत पाठविला होता. या खेपेला तो रिकामाच आणावा, असा तिचा निरोप आहे. भाचीही कार्ड घेऊन बसली आहे. सगळी नावे न अडखळता वाचते, फक्त जोडाक्षराला थांबते, तेवढे तुम्ही एकदा तपासून घ्या.

आपली नम्र,
बोळातल्या शेवटच्या घरातली नणंद